भरल्या गाडीचे साहेब

मोटारीचे दार हलक्या आवाजात बंद झाले की अजूनही माझी मान वळते. आमच्या तरुणपणी गाड्यांची दारे आपटावी लागत. कधी कधी दोनदा आपटावी लागत. त्या एका गाडीचे दार मात्र नुसते सोडले तरी पुरे. ओल्या मातीत सुपारी पडावी तसा आवाज व्हायचा आणि दार आपल्या जागी बसायचे. नंदुरबारला आमच्या गल्लीत तो आवाज एक अख्खा पावसाळा रोज संध्याकाळी ऐकू येत असे. तो आला की शेजारच्या ओट्यावर भाजी निवडणाऱ्या देवरे काकू हात थांबवून म्हणत, "गेले वाटतं हे पुन्हा गाडीपाशी."

'हे' म्हणजे केशवराव देवरे, मोटारखात्यातले इन्स्पेक्टर. आमच्या भागातल्या गाड्यांचे पासिंग त्यांच्याकडे असे. तेव्हा नंदुरबार हे धुळे जिल्ह्यातले तालुक्याचे गाव होते. शहादे, तळोदे, अक्कलकुवा, नवापूर अशा सगळ्या बाजूंच्या मालमोटारी आणि प्रवासी गाड्या कापसाच्या जिनिंग कारखान्यामागच्या मैदानात येत, आणि देवरे साहेबांनी मान डोलावली तरच पुन्हा रस्त्याला लागत.

मी साक्री तालुक्यातल्या एका खेड्यातला. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. बी.ए. होऊन नंदुरबारच्या हायस्कुलात मराठी शिकवायला आलो तेव्हा एक ट्रंक, एक वळकटी आणि पुष्कळशी भीती एवढेच माझ्याजवळ होते. देवरे साहेबांच्या शेजारची खोली मला मिळाली. पहिल्या आठवड्यात मी खोलीचे दार लावून धड्याची तालीम करीत असे. भिंतीला उद्देशून मोठ्याने बोलत असे. एके सकाळी साहेब दारात उभे राहिले. उंच, किंचित वाकलेले, अर्ध्या बाह्यांचा खाकी शर्ट, नखांच्या कडांना कधीच न निघणारा काळा रंग.

"मास्तर, कोणाला शिकवताय?"

"तालीम करतोय, साहेब."

"रिकाम्या वर्गात सगळेच चांगलं शिकवतात," ते म्हणाले. "आमच्या ओट्यावर या. गल्लीतली सगळी पोरं बसवतो. दंगा करतील, नाक शिंकरतील, मध्येच उठून जातील. त्यांच्यापुढे शिकवून बघा."

आणि खरोखरच त्यांनी पोरे गोळा केली. स्वतः सर्वांत मागे, भिंतीला पाठ टेकून बसले. त्या ओट्यावर मी शिक्षक झालो असे मला वाटते. पुढे कितीही मोठ्या वर्गापुढे उभा राहिलो तरी मागच्या भिंतीशी साहेब बसले आहेत असे समजूनच मी बोलत आलो.

ते कुठेही मागेच बसत. बसमध्ये मागच्या बाकावर, कीर्तनात मागे, लग्नात मागच्या पंगतीला. "पुढच्या माणसाला रस्ता दिसतो, मागच्याला गाडी कळते," असे त्यांचे म्हणणे. बसमध्ये ते डोळे मिटून घेत. लोकांना वाटे साहेबांना झोप लागली. उतरताना ते ड्रायव्हरला हळूच सांगत, "डाव्या मागच्या चाकाकडे बघून घे रे." ड्रायव्हर बिचारा उरलेल्या वाटेत आरशापेक्षा त्या चाकाकडेच जास्त पाही.

पासिंगच्या दिवशी ते कोणाच्या घरचे पाणीसुद्धा घेत नसत. काकूंनी दिलेली सुरई बरोबर असे. पण त्यांची खरी ओळख होती ती पोत्यांमुळे. मैदानाच्या कडेला, लिंबाखाली, तापीच्या वाळूने भरलेली पोती रचलेली असत. ती त्यांनी स्वतः भरून घेतली होती. तोंडे सुतळीने शिवली होती, तीही स्वतःच. कोणतीही मालमोटार किंवा प्रवासी गाडी ते रिकामी तपासत नसत. जितकी माणसे बसणार असतील तितकी पोती आधी गाडीत चढायची, मग साहेब मागे बसायचे, आणि मैदानाच्या टोकाला नाल्याकडे उतरणारी वाट होती तिथून गाडी खाली सोडायची. खाली पोचण्याआधी ती थांबली पाहिजे.

पोती चढवायचे काम ड्रायव्हर-क्लीनरकडे. ते वैतागत.

"रावसाहेब, गाडी पास करनी शे का वाळूना लिलाव करना शे?"

"तुन्ही गाडीमा माणसं बठतीन का हवा बठी?" साहेब विचारत.

"माणसं बठतीन."

"मंग चढाव पोता. हवा ते मीबी पास करी दिसू."

साहेबांच्या बोलण्याची एक खूण सगळ्या ड्रायव्हरांना ठाऊक होती. माझ्याशी, मी मराठीचा मास्तर म्हणून, ते मराठीत बोलत; एरवी घरी, गल्लीत, मैदानावर आमच्यासारखेच अहिराणी. पण गाडी नापास करायची असली की त्यांच्या तोंडी कचेरीची मराठी यायची. एकदा अक्कलकुव्याच्या एका मालकाने नवा लाल-पिवळा रंग देऊन प्रवासी गाडी आणली. रंग इतका ताजा की क्लीनरच्या पाठीवर पट्टा उमटला होता.

"रावसाहेब, दखा तरी! नवरीमायक दिसी ऱ्हायनी. रंग बी वाळेल नई आजून," मालक कौतुकाने म्हणाला.

साहेब नाल्याच्या वाटेवरून जाऊन आले, खाली उतरले आणि हात पुसत म्हणाले, "ठीक आहे. रंग वाळू द्या. तोवर ब्रेकचं काम करून घ्या."

'ठीक आहे' ऐकल्याबरोबर मालकाचा चेहरा पडला आणि क्लीनर मुकाट्याने पोती उतरवू लागला.

ती गाडी आली तेव्हा गुजरातचे वेगळे राज्य नुकतेच झाले होते. तिकडच्या नंबराची गाडी इकडे आली की तिला आमच्या राज्याचा नवा नंबर घ्यावा लागे आणि त्याआधी इन्स्पेक्टरची तपासणी होई. तापीच्या अलीकडच्या काठावर एका गावात जगन बापू नावाचे गुजर शेतकरी होते. कापूस, केळी, ऊस असा मोठा पसारा. गुजरातेतल्या एका लहानशा संस्थानाच्या राणीची वापरलेली मोटार त्यांनी घेतली. विलायती बनावटीची, आकाराने लहान, पण थाट असा की मोठ्या गाड्यांनी तिच्यापुढे अंग चोरावे. काळ्या द्राक्षाचा रंग, आत चकचकीत लाकडाची पट्टी, बसायला तांबडे मऊ कातडे. तिचे खरे नाव आमच्याकडे कोणाला धड उच्चारता येईना. सगळे तिला 'राणीनी गाडी' म्हणू लागले.

"चला मास्तर, राणी बघायला," साहेब त्या सकाळी मला म्हणाले. इतके उत्साहात मी त्यांना पाहिले नव्हते.

मैदानात माणसे जमलीच होती. बापूंचा पुतण्या भगवान गाडी चालवत आला. त्याच्याशेजारी बापू. मागे बापूंच्या पत्नी, ज्यांना सगळे गाव 'मोठी आई' म्हणे, आणि त्यांची नवी सून सुमन. नवरा कापसाच्या कामासाठी सुरतेला, म्हणून ती सासूबरोबर आलेली. मोठ्या आईंनी गाडीतून उतरून तिथेच पूजा मांडली. चाकांना हळदकुंकू लावले, पुढे नारळ वाढवला, मागच्या तांबड्या बैठकीवर स्वस्तिक काढून अक्षता टाकल्या.

साहेबांनी गाडी पाहायला सुरुवात केली. खाली पाठीवर सरकून गेले, इंजिनाला कान लावला, दिवे, स्टिअरिंग, चाकांचा ढिलेपणा, सगळे. एकेक दार उघडून सोडून देत. 'टुप.' दर वेळी त्यांच्या चेहऱ्यावर हसू उमटे. लहानपणी न मिळालेले खेळणे हाती आलेल्या माणसाचे ते हसू होते. मग त्यांनी सवयीने पोत्यांकडे हात केला. खाजगी गाडी भरून पाहावी असा नियम नव्हता, पण त्यांची रीत होती. क्लीनर लोकांनी एक पोते उचललेसुद्धा.

मोठी आई पुढे आल्या.

"रावसाहेब, आजना दिन पोता नका टाकू. आत्तेच पूजा करेल शे. तठे लक्ष्मी बठेल शे."

साहेब थांबले. पोत्यातून वाळू गळत होती, तळाशी चिखल लागला होता, आणि बैठकीवर ओले कुंकू. त्यांनी एकदा पोत्याकडे पाहिले, एकदा त्या तांबड्या कातड्याकडे. त्यांनाही ते टाकवेना, हे स्पष्ट दिसत होते.

तेवढ्यात सुमन पदर सावरत म्हणाली, "आई नको म्हणतस ते ऱ्हाऊ द्या ना रावसाहेब. पोताना जागावर मीच बठी जास."

सगळे हसले. सासूसुद्धा हसल्या. साहेबांना मूलबाळ नव्हते. अशी एखादी पोर बोलली की ते विरघळून जात.

"चाल माय," ते म्हणाले. "आजना दिन तूच पोतं."

सुमन मागे डाव्या बाजूला बसली. साहेबांनी स्वतः गाडी चालवली, कारण तिच्या स्टिअरिंगच्या चाकावर हात ठेवायची हौस त्यांना आवरेना. मी कधी त्यांना गाडी तपासताना पुढे बसलेले पाहिले नव्हते. गाडी नाल्याच्या वाटेवरून खाली गेली आणि मधोमध अशी थांबली की धूळसुद्धा उडाली नाही. सुमन पुढच्या बैठकीवर आपटली आणि खळखळून हसली. तो आवाज वर आमच्यापर्यंत आला.

परत आल्यावर तिने खिडकीतून डोके बाहेर काढून विचारले, "रावसाहेब, मी पास का गाडी पास?"

"दोन्हीबी पास," साहेब म्हणाले.

दिवाळीनंतर, कापूस वेचणीच्या धामधुमीत, मोठ्या आईंच्या पोटात एकाएकी कळ उठली. चिंचपाड्याच्या मिशन हॉस्पिटलात न्यायचे ठरले. आमच्याकडे एकटा रोगी कधी हॉस्पिटलात जात नाही. मुक्काम पडणार म्हणून घर बरोबर निघते. पीठ, तांदूळ, स्टोव्ह, गाद्या, पाण्याची घागर. गाडी चालवायला भगवान, त्याच्याशेजारी बापू, त्यांच्याजवळ हॉस्पिटलातल्या कंपाउंडरची ओळख असलेला शेजारी, मागे सुमनच्या दोन जावा, आणि तिच्या मांडीवर सासूचे डोके. चार माणसांच्या त्या राणीच्या गाडीत मावेल तितके सगळे मावले. गाडी कोणाला नाही म्हणत नाही, आणि अशा वेळी माणसेही कोणाला 'तू थांब' म्हणत नाहीत.

विसरवाडीच्या अलीकडे एक लांब उतार आहे. तिथे गाडी आवरेना. भगवानने गाडी रस्त्याच्या कडेच्या मातीवर घातली. ती कलंडली नाही, फक्त फिरली. फिरताना मागचे डावे दार उघडले आणि सुमन बाहेर फेकली गेली. मोठी आई दोन बैठकींच्या मध्ये अडकल्या म्हणून वाचल्या. मागून आलेल्या मालमोटारीने सगळ्यांना चिंचपाड्याला नेले. सासूवर इलाज झाला. सून वाटेतच गेली होती.

बातमी आली तेव्हा साहेब जेवत होते. त्यांनी ताट सरकवले नाही. पुढ्यातली भाकरी शेवटपर्यंत खाल्ली. चवीचे काही कळत नसलेला माणूस खातो तशी. दुसऱ्या सकाळी ते बसने त्या उतारावर गेले आणि वरपासून खालपर्यंत चालत उतरले. त्यांना तिथे पाहिलेल्या ड्रायव्हरने मला सांगितले, "रावसाहेब मधमाच उभा राही जायेत, आन मांगे दखेत."

खात्याची चौकशी झाली. साहेब आपणहून उभे राहिले. "मी गाडी भरून पाहिली नाही," त्यांनी सांगितले.

वरचे अधिकारी सज्जन होते. म्हणाले, "खाजगी गाडी भरून पाहावी असा नियम कुठे आहे?"

"नियम नाही. माझी रीत आहे."

"रीत मोडली म्हणून चौकशी होत नसते, देवरे. बसा खाली."

शेवटी असे ठरले की गाडीत माणसे जास्त होती आणि चालकाने ताबा सोडला. साहेब सुटले. भगवानवर ठपका आला. तो एकच वाक्य बोलत राहिला, "मी ब्रेक दाबा व्हता. पुरा दाबा व्हता." गावात कोणी म्हणे त्याला डुलकी लागली, कोणी म्हणे त्याने घेतलेली होती. त्याने मोटारीचा नाद सोडला आणि बापूंच्या केळीच्या बैलगाडीवर बसू लागला. बापूंनी साहेबांना एका शब्दाने दुखावले नाही. उलट घरी येऊन म्हणाले, "रावसाहेब, तुम्हना काय दोष? जे व्हयनं ते व्हयनं." ते गेल्यावर साहेब बराच वेळ दाराशी उभे होते. कोणीतरी दोष द्यायला यायचे राहिले आहे आणि आपण त्याची वाट पाहतो आहोत, असे.

ब्रेक खरेच निकामी झाले होते का? की भगवानचा पाय उशिरा पडला? त्या दिवशी मैदानात पोती टाकली असती तर ते कळले असते का? हे साहेबांना कोणी विचारले नाही. ते स्वतःला विचारत असावेत, कारण त्यानंतर ते बदलले.

मोडलेली गाडी बापूंनी जिनिंगच्या आवारात, आमच्या गल्लीसमोर ताडपत्रीखाली आणून ठेवली होती. घरापुढे ती त्यांना नको होती. उन्हाळा गेला, पावसाळा लागला. संध्याकाळी कचेरीतून आले की साहेब छत्री घेऊन तिकडे जात. ताडपत्री वर करीत, मागचे डावे दार उघडत आणि सोडून देत. 'टुप.' पुन्हा उघडत. एकदा काकूंनी मला त्यांना बोलवायला पाठवले. ते दारापाशी वाकून उभे होते. छत्री बाजूला पडली होती.

"साहेब, काकू बोलावताहेत."

"दार नीट बसतं, मास्तर," ते म्हणाले. "बघा ना. एकदाही चुकत नाही."

पाऊस ताडपत्रीवर वाजत होता. आतून ओल्या कातड्याचा वास येत होता, आणि बैठकीवर कुंकवाचा डाग अजून होता. साहेबांनी ताडपत्री खाली केली ती अंगावरचे पांघरूण सारखे करावे तशी.

मैदानावर त्यांनी नवीन प्रश्न सुरू केला. गाडी आली की मालकाला विचारत, "यात कोण कोण बसणार? नावं सांगा."

पहिल्यांदा ड्रायव्हर हसत. "आते रावसाहेब, गावभर बठी! कोना नाव सांगू?"

"घरचं कोण बसणार ते सांगा."

मग तो माणूस अवघडून बायकोचे नाव घेई, आईचे, पोरांची. साहेब ऐकून घेत आणि एकेका नावाला एकेक पोते चढवायला लावत. "हे तुझ्या आईचं. हे मुलीचं." पोती तीच, वाळू तीच. पण ती चढवताना आता कोणी वैतागत नसे. पुढे पुढे तर ड्रायव्हर मैदानात येण्याआधीच ब्रेक उघडून घासून आणू लागले. मी त्यांतल्या एकाला कारण विचारले. तो म्हणाला, "मास्तर, रावसाहेब मन्ही पोरनं नाव लेतंस आन पोताकडे दखतंस. माले घाम फुटस."

आणखी एक झाले. त्यांची अहिराणी गेली. गाडी पास असो की नापास, घर असो की गल्ली, ते कचेरीची मराठीच बोलू लागले. ड्रायव्हरांची जुनी खूण हरवली. काकूंशीसुद्धा ते 'ठीक आहे' म्हणू लागले. एकदा काकू मला म्हणाल्या, "घरात कोणी सरकारी माणूस राहायला आलाय असं वाटतं हो मास्तर."

पुढच्या वर्षी ताडपत्री निघाली. सुरतेहून कारागीर आणून बापूंनी गाडी दुरुस्त करून घेतली. ब्रेक तर सगळेच नवे घातले. अक्कलकुव्याचा एक व्यापारी ती भाड्याने चालवण्यासाठी घेणार होता, आणि भाड्याच्या गाडीला पासिंग हवेच. बापू तिला धुळ्याला नेऊन दुसऱ्या इन्स्पेक्टरकडून पास करून घेणार होते. मोठ्या आईंनी ऐकले नाही. "रावसाहेबच पास करतीन. नई ते गाडी इकूच नका," त्या म्हणाल्या.

पुन्हा तेच मैदान, तोच लिंब. या वेळी हळदकुंकू नव्हते. कारागीर गाडी घेऊन आला होता. बापू, मोठी आई आणि भगवान बैलगाडीने आले, गाडी घेणारा व्यापारी आपल्या मोटारीने. मी शाळेतून रजा घेऊन गेलो. साहेबांनी मला बोलावले नव्हते, पण मी गेल्यावर त्यांनी नुसते पाहिले आणि मला बरे वाटले की आपण आलो.

गाडी खालून वरून तपासून झाली. साहेब हात पुसत उभे राहिले. पोत्यांकडे त्यांनी पाहिले नाही. कोणीच पाहिले नाही. मग मोठी आई लिंबाखाली चालत गेल्या, एका पोत्याचा कान धरला आणि ओढू लागल्या. म्हातारीला ते हलेना. भगवान धावला. दोघांनी ते गाडीपाशी आणले.

"टाका पोता, रावसाहेब," त्या म्हणाल्या. "आते टाका."

साहेब म्हणाले, "इथे नाही. त्या उतारावर."

पोती भरून गाडी विसरवाडीच्या रस्त्याला लागली. कारागीर चाकावर, साहेब मागे उजवीकडे, त्यांच्या डावीला एक पोते. बाकीची पोती जिथे मावतील तिथे. भगवान आणि मी पुढे दाटीवाटीने. बापू आणि मोठी आई मागून व्यापाऱ्याच्या गाडीत. उताराच्या माथ्यावर साहेबांनी गाडी थांबवायला सांगितली, कारागिराला उतरवले आणि म्हणाले, "भगवान, तू चालव."

"मी नई, रावसाहेब. मन्हा हात नई चालाऊत."

"तूच चालवायची. मी मागे आहे."

भगवानने तळवे मांडीवर पुसले आणि चाक धरले. गाडी उताराला लागली. वेग वाढला. कडेची सागाची झाडे एकात एक मिसळू लागली. भरलेल्या गाडीचा आवाज वेगळा असतो हे मला तेव्हा कळले. ती गुरगुरत नव्हती, कण्हत होती. मागून साहेबांचा आवाज आला, "आता." भगवानने ब्रेक दाबला. मी मागे वळून पाहिले. साहेबांचे डोळे मिटलेले होते आणि त्यांचा डावा हात शेजारच्या पोत्यापुढे आडवा पसरलेला होता.

गाडी थांबली. उताराच्या मध्यावर, सरळ, रस्ता न सोडता.

भगवानने इंजिन बंद केले. मग तो चाकावर डोके टेकवून रडू लागला. "असाच दाबा व्हता, रावसाहेब. तवयबी असाच दाबा व्हता."

"माले माहीत शे," साहेब म्हणाले. "तू दाबा व्हता रे भाऊ. तू दाबा व्हता."

वर्षभरानंतर त्यांच्या तोंडून मी अहिराणी ऐकली. मागची गाडी येऊन थांबली तेव्हा आम्ही खाली उतरलो होतो. मी बाजूला जाऊन हळूच विचारले, "साहेब, म्हणजे आता कळलं ना?"

"काय कळलं, मास्तर? ब्रेक नवे आहेत. आज जे कळलं ते आजच्या गाडीचं. त्या दिवशीच्या गाडीला विचारायचं ते त्याच दिवशी विचारायला हवं होतं. तपासणीचं असंच आहे. ती फार उशिरापर्यंत वाट बघत नाही."

"मग भगवानला तसं कसं म्हणालात?"

"गाडीचं मला कधीच कळणार नाही. माणसाचं कळलं. तो पाय खोटं दाबणारा नाही."

मग ते बापूंपुढे गेले. व्यापारी होता, कारागीर होता, रस्त्यात थांबलेल्या एका मालमोटारीचे ड्रायव्हर-क्लीनर होते. सगळ्यांना ऐकू जाईल असे ते म्हणाले, "बापू, भगवानना दोष नव्हता. गावमा सांगा. गाडी मी रिकामी पास करी व्हती."

बापूंनी मान खाली घातली. मोठी आई मागच्या डाव्या दारापाशी उभ्या होत्या, आत पोत्याकडे पाहत.

"रिकामी नव्हती रावसाहेब," त्या म्हणाल्या. "मन्ही सुमन व्हती तिन्हामा."

साहेबांनी गाडी पास केली. करायलाच हवी होती, ती चांगली होती. पुढे ती अक्कलकुव्याकडे पुष्कळ वर्षे धावली असे मी ऐकले. भगवान त्याच दिवशी मोटार चालवत बापूंना घरी घेऊन गेला. व्यापाऱ्याने गाडी ताब्यात घ्यायच्या आधीची ती शेवटची फेरी.

साहेबांनी मात्र त्यानंतर लवकरच नोकरी सोडली. निवृत्तीला अजून अवकाश होता. धुळ्याला काकूंचे भाऊ राहत, तिकडे जायचे ठरले. काकू सामान घेऊन आधी गेल्या. मैदानातली पोती साहेबांनी स्वतः उसवली आणि वाळू नाल्याच्या वाटेवर पसरून टाकली. सुतळ्या गुंडाळून खिशात ठेवल्या.

मी त्यांना स्टँडवर पोचवायला गेलो. ड्रायव्हर त्यांना ओळखत होता. "रावसाहेब, पुढे बठा ना, मन्हाजोडे," तो म्हणाला. साहेबांनी हसून मान हलवली आणि मागच्या बाकावर जाऊन बसले. बस भरली होती, पण त्यांच्या डाव्या हाताची खिडकीजवळची जागा रिकामी राहिली. का कोण जाणे, कोणी तिथे बसायला गेले नाही. मी खालून त्यांना नमस्कार केला. मला जे बोलायचे होते ते सगळे, तो ओटा, ती पोरे, माझा सगळा जन्म, त्या नमस्कारातच घातले. ते म्हणाले, "वर्ग भरलेला असू द्या, मास्तर." आणि डोळे मिटून घेतले.

बस निघाली. स्टँडच्या तोंडाशी एक बैलगाडी आडवी आली आणि ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला. मी बसबरोबर चालत तिथवर आलो होतो; त्या रिकाम्या जागेच्या खिडकीतून मला साहेब दिसत होते. सगळी माणसे पुढे झुकली, टोपल्या घसरल्या, कोणीतरी ड्रायव्हरला शिवी दिली. साहेबांनी डोळे उघडले नाहीत. पण त्यांचा डावा हात झटकन बाजूला गेला आणि त्या रिकाम्या जागेपुढे आडवा झाला. बैलगाडी बाजूला झाली, बस पुन्हा चालू लागली, वळणावर धुळीत गेली, तरी तो हात खाली आलेला मी पाहिला नाही.